पाणी तुंबलं म्हणजे पूर आला का?

कुर्ला पश्चिमेच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं कापून देतो.

"मिठी नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर आमची सोसायटी. तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं. आम्ही तळमजल्यावर. १९ ऑगस्ट २०२५ ला दुपारी घरात पाणी शिरलं, ते रात्री उशिरा उतरलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण, गाद्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कागद, सगळं गेलं. मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, आई, फ्लड इन्शुरन्स काढ, इथे वेगळा काढावा लागतो. इथल्या एजंटला विचारलं तर म्हणाला, असं काही नसतं. सोसायटीच्या सभेत विषय काढला तर वरचे म्हणाले, पाणी तुमच्याकडे येतं, पैसे आम्ही का भरायचे? मिस्टर म्हणतात, प्रीमियमच्या भानगडीत पडण्यापेक्षा लादी दीड फूट उचलून घेऊ. नवा फ्रिज तर आम्ही आधीच चौथऱ्यावर ठेवलाय. नक्की काय करावं?"

ताई, नमस्कार.

आधी मुलगा आणि एजंट यांचं भांडण मिटवू. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरत नाहीत. म्हणून तिथे १९६८ पासून सरकारचीच पूर-विम्याची योजना आहे. ती पॉलिसी काढल्यावर साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे ढग दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आपल्याकडे उलटं आहे. 'फ्लड इन्शुरन्स' नावाचा वेगळा कागद नाही, पण घराच्या विम्यातच पूर येतो. विमा नियामकांनी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. आग, भूकंप, वादळ, दरड आणि पूर हे धोके त्यात आधीपासूनच आहेत. एजंटने "असं काही नसतं" एवढ्यावर वाक्य सोडलं, पुढचं अर्धं सांगितलं नाही. घराच्या विम्यात त्याला कमिशन किती मिळणार हे लक्षात घेतलं, तर त्याचा उत्साह समजतो.

आता शीर्षकातला प्रश्न. आपण मुंबईकर कधी "पूर आला" म्हणत नाही. पूर सांगलीला येतो, चिपळूणला येतो. आपल्याकडे पाणी "तुंबतं" किंवा "भरतं". मी सव्वीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून, म्हणजे नुकसान मोजायला, लोकांची ओली घरं बघत फिरलो आणि या एका शब्दाने झालेले घोळ पाहिलेत. पॉलिसीत "फ्लड अँड इनंडेशन" असं लिहिलेलं असतं. म्हणजे पूर तर आलाच, शिवाय परिसर जलमय होणंही आलं. नदी काठ सोडून आली पाहिजे असं नाही. पावसाचं पाणी गल्लीत साचून उंबऱ्यावरून आत आलं, तरी ते यात बसतं. पण लोक फोनवर सांगतात, "गटार तुंबलं आणि मोरीतून पाणी आलं." ऐकणारा तसंच लिहून घेतो. नुसती मोरी तुंबणं हा देखभालीचा प्रश्न, तो विम्यात बसत नाही. छतातून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणीही बसत नाही. तेव्हा घडलं ते क्रमाने सांगा. पाऊस किती वाजता सुरू झाला, गल्लीत पाणी कधी साचलं, आत कुठून आणि कधी शिरलं. खोटं काही बोलायचं नाही, अर्धवटही बोलायचं नाही. आणि पॉलिसीच्या फॉर्मवर "पूर्वी पाणी शिरलं होतं का" असा प्रश्न असेल तर "हो" लिहा. तिथे "नाही" लिहून वाचवलेले शे-दोनशे रुपये क्लेमच्या दिवशी महाग पडतात.

किती रकमेचा विमा काढायचा, इथे सगळेच गोंधळतात. कुर्ल्यातल्या फ्लॅटचा भाव डोक्यात असतो, मग वाटतं कोटीचा विमा काढायचा म्हणजे हप्ता किती येईल! पण त्या भावातला मोठा हिस्सा जमिनीचा असतो, आणि जमीन वाहून जात नाही. विमा बांधकामाचा काढायचा. तुमचा कार्पेट एरिया ४५० चौरस फूट धरला आणि पुन्हा बांधायचा खर्च फुटाला ३,००० रुपये धरला, तर होतात साडेतेरा लाख. 'गृह रक्षा'त बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के रक्कम आपोआप मिळते, कमाल १० लाखांपर्यंत. त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. तुमच्या हिशेबात ते २ लाख ७० हजार झाले. कमी वाटत असतील तर यादी देऊन वाढवून घ्या. एवढ्या रकमेचा हप्ता माझ्या माहितीत वर्षाला हजार-दोन हजारांच्या आसपास बसतो. लादी उचलण्याच्या खर्चाशी तुलना करायचीच, तर मिस्टरांनी एकदा गवंड्याचं एस्टिमेट बघावं.

आणखी एक चांगली गोष्ट झाली आहे. जुन्या पॉलिसीत सरासरीचं कलम असायचं. २० लाखांचा माल, विमा १० लाखांचा आणि नुकसान ४ लाखांचं, तर विमा निम्म्याचाच म्हणून हातात २ लाखच पडायचे. २००५ नंतर कुर्ल्याच्या दुकानदारांना हे गणित समजावताना माझा घसा बसला होता. त्यांना वाटायचं, सर्व्हेअरच पैसे खातोय. 'गृह रक्षा'त घरासाठी हे कलम लावत नाहीत. दुकानांचं गणित वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.

काय मिळत नाही तेही ऐका, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात दुखरा भाग तोच आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कागद. कुठल्याही प्रकारचे दस्तऐवज, रोख रक्कम, सर्टिफिकेटं यांचा विमा नसतो. दागिन्यांसाठी जास्तीचं कव्हर वेगळं मागावं लागतं. शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं भागपत्र, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॉफ्टवर टाका. लग्नाचा आल्बमही तिथेच ठेवा. एका घरात मी बघितलं होतं, आजीबाई आल्बमचं एकेक पान ब्लेडने सोडवून दोरीवर चिमट्याने लावत होत्या. फोटोतले चेहरे गुलाबी होऊन ओघळले होते. त्यांनी मला विचारलं, "याचं किती लावाल?" माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

वरच्या मजल्यांबद्दल मात्र मी जरा तावातावाने लिहिणार आहे. "पाणी तुमच्याकडे येतं" म्हणणाऱ्या मंडळींना खाली बोलवा आणि त्यांच्यासोबत इमारतीला एक फेरी मारा. मीटरची केबिन कुठे आहे? पाण्याचा पंप कुठे आहे? जमिनीखालची टाकी कुठे आहे, आणि तिचं झाकण कंपाउंडच्या लादीपासून किती वर आहे? गल्लीतलं पाणी त्या झाकणावरून गेलं, तर गटाराचं पाणी पंपाने चढून थेट तिसऱ्या मजल्याच्या माठात जातं. माझ्या सर्व्हेच्या काळात एका सोसायटीत पूर खालच्यांकडे आला आणि जुलाब वरच्यांना लागले. मीटर जळले तर अंधार बाराही घरांत होतो. म्हणजे पुराचं नुकसान तळमजल्याचं एकट्याचं कधीच नसतं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंप यांचा विमा काढणं बंधनकारक धरलं आहे, म्हणजे पॉलिसी बहुधा असेलच. सेक्रेटरींकडून तिच्या शेड्यूलची, म्हणजे तपशिलाच्या पानाची, प्रत मागा. ती मागायचा तुम्हाला सभासद म्हणून हक्क आहे, उपकार नव्हे. प्रतीवर 'एस.टी.एफ.आय.' ही चार अक्षरं शोधा. वादळ, तुफान, पूर आणि जलमयता यांचं ते लघुरूप. जुन्या धाटणीच्या आगीच्या पॉलिसीत हे चार धोके वगळले तर हप्ता कमी व्हायचा, आणि अनेक खजिनदारांनी काटकसर म्हणून ते वगळलेले मी पाहिलेत. मिठीच्या काठावरच्या सोसायटीने पूर वगळायचा म्हणजे अंधेरीच्या माणसाने लोकलचा पास न काढण्यासारखं आहे. वगळलेलं सापडलं तर नूतनीकरणाच्या आधी सर्वसाधारण सभेत ठराव आणा. पुराचा धोका पुन्हा पॉलिसीत घ्यायला हप्त्यात जो फरक पडेल तो बारा घरांत वाटून बघा. आकडा समोर आला की बरेच वाद मुकाट्याने संपतात. सोसायटीची पॉलिसी भिंती आणि सामाईक गोष्टी सांभाळेल. तुमचा फ्रिज आणि गाद्या त्यात येणार नाहीत, त्यासाठी सामानाची पॉलिसी तुमची तुम्हालाच काढावी लागेल. (भाड्याने राहणाऱ्या वाचकांनो, नुसत्या सामानाचा विमा तुम्हालाही काढता येतो. मालकाची वाट बघू नका.)

आता मिस्टरांची लादी. दीड फूट उचलली की छत दीड फूट खाली आलं, दारं कापावी लागली, कमोडची पातळी बदलली, ओटा पुन्हा बांधावा लागला. शिवाय भरणी घातल्याने पाणी नाहीसं होत नाही. तुमच्या घरात जे मावायचं ते शेजारच्या घरात आणि पॅसेजमध्ये जास्त साचेल. शेजाऱ्याने भरणी घातली की तुमच्याकडे परत. मुंबईच्या कित्येक चाळींत हा खेळ चाललेला आहे. गल्लीचा रस्ता नव्याने होताना वर जातो, घरं खाली राहतात, मग घरं वर, मग पुन्हा रस्ता वर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तळमजल्यावर पाणी बहुतेकदा दारातून शिरायच्या आधी नहाणीतून वर येतं. बाहेरचं चेंबर भरलं की दाब उलटा लागतो. तुमच्याकडे त्या दुपारी आधी काय ओलं झालं होतं, आठवून बघा. बाथरूम असेल तर पहिला खर्च नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा करा. प्लंबर त्याला 'एन.आर.व्ही.' म्हणतो. घराची लाइन चेंबरला मिळते तिथे तो बसतो, पाणी जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. त्यात कचरा अडकला की तो उघडाच राहतो, म्हणून दर मे महिन्यात उघडून साफ करायचा. ज्या वेळी तो बंद असतो, त्या वेळी घरातलं पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा नळ सोडायचे नाहीत. हा व्हॉल्व्ह, दाराला लावायची काढती फळी आणि जमिनीपासून चार फुटांवर नेलेले विजेचे सॉकेट, एवढं झालं की लादीचा विषय काढा.

विमा आणि एन.आर.व्ही. हे दोन्ही तुमच्या दारापर्यंतचे उपाय. दाराबाहेर मिठी आहे. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती साधारण १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळ, झोपड्या, कारखाने आणि भर घालून उभं केलेलं बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. नदीला पसरायला जी जागा होती, तिच्यावर आज भाव लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. शहराची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने हा हिशेब ५० वर न्यायला सांगितलं. ते काम खऱ्या अर्थाने हलायला २००५ चा तडाखा लागला. आणि गटार मोठं झालं तरी भरती असली की त्याचं तोंड समुद्रच बंद करतो, मग पंपांशिवाय गत्यंतर नसतं. पालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या कागदावरचे साडेचार मीटरच्या वरचे दिवस फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर भरतीच्या वेळेआधी गाद्या वर जायला हव्यात. तुमच्या घरात पाणी शिरलं त्याच दिवशी मिठीने धोक्याची पातळी गाठली होती आणि कुर्ल्याच्याच क्रांतीनगरातल्या लोकांना हलवावं लागलं होतं. म्हणजे सूचना होती, ती तुमच्या गल्लीपर्यंत पोचली का, हा प्रश्न आहे. आणीबाणीत पालिकेचा १९१६ हा नंबर हाताशी असू द्या.

तुमच्या मुलाच्या देशात एक गोष्ट मला आवडते. तिथे गावाने पूरक्षेत्रात बांधकामाचे नियम केले नाहीत, तर त्या गावातल्या माणसांना सरकारी पूर-विमा मिळतच नाही. नियमांपलीकडे जाऊन गावाने नदीला जागा मोकळी ठेवली, लोकांना सावध केलं, तर सगळ्यांच्या हप्त्यात सूट मिळते, ती ४५ टक्क्यांपर्यंत जाते. नदीकाठी कोण काय बांधतो याची झळ तिथे प्रत्येकाच्या खिशाला लागते. आपल्याकडे विमा एका खिडकीवर आणि नाला दुसऱ्या. सांगली-कोल्हापूरकडे निदान निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. मुंबईत फ्लॅट बघायला गेलेला माणूस पार्किंग विचारतो, लिफ्ट विचारतो, "नाला कुठे आहे" विचारत नाही. तुमची इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जाईल. त्या वेळी आर्किटेक्टला मीटर रूम, पंप आणि टाकीचं झाकण पाण्याच्या खुणेच्या वर घ्यायला सांगा, आणि ते करारात लिहून घ्या. जिमखान्याच्या चर्चेत हे हमखास विसरलं जातं.

पुन्हा पाणी आलंच तर काय करायचं, तेही सांगतो. पहिलं काम मेन स्विच बंद. पाणी जाईना म्हणून मॅनहोलचं झाकण कुणी उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ ला उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. पाणी उतरलं की भिंतीवर चहासारखी तपकिरी रेघ राहते. तिच्याजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा आणि मगच फडकं मारा. बायकांची पहिली ओढ भिंत पुसण्याकडे असते, पुरुषांची फ्रिज चालू करून बघण्याकडे. दोन्ही थांबवा. कॉम्प्रेसर तळाशी असतो, ओला असताना बटण दाबलं की दुरुस्त होणारा फ्रिजही भंगारात जातो. (मी कुठल्या तोंडाने सांगतो? २०१७ च्या त्याच पावसात गुडघाभर पाण्यात बंद पडलेली माझी गाडी मी स्वतः तीनदा स्टार्टर मारून बघितली. इंजिनात पाणी गेलं. माझ्या विमा कंपनीने इंजिनाचा खर्च नाकारला, इंजिनाचं जास्तीचं कव्हर मी घेतलं नव्हतं. सर्व्हेला आलेला पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला होता.) कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत सामान टाकू नका. गाद्यांचा वास सहन होत नसेल तर फोटो काढून टाका, पण कापडाचा एक तुकडा आणि कंपनीचं लेबल कापून ठेवा. दिवाणाची फुगलेली प्लायवूड, मशीनच्या मागचा सीरियल नंबर, जे दिसेल त्याचा फोटो. महसूल खात्याचे लोक पंचनाम्याला आले तर प्रत मागून घ्या, क्लेमला तोही आधार होतो. पाण्याच्या गडबडीत काही चोरीला गेलं, तर सात दिवसांच्या आतली चोरी याच पॉलिसीत धरतात, पण पोलिसांत नोंद हवी. आणि हे सगळं सोपं व्हावं म्हणून आजच घरभर मोबाइल फिरवून एक व्हिडिओ काढा, कपाटांची दारं उघडून, आणि मुलाला न्यू जर्सीला पाठवून ठेवा. त्याच्या फोनपर्यंत मिठी पोचत नाही.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा फारच कापला, तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. मी साक्षीला तिथे गेलेलो आहे. कागद नीट लावून आलेल्या गृहिणीचं तिथे शांतपणे ऐकून घेतात, आवाज चढवणाऱ्याचंही ऐकतात, पण जरा लवकर आटपतात.

राहता राहिला फ्रिज. चौथऱ्यावर ठेवलाय असं लिहिलंत, चौथरा किती उंच ते लिहिलं नाहीत. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा स्टँड असेल तर तो चार-सहा इंचांचा असतो. घरात रंग काढलेला नसेल, तर कपाटाच्या मागच्या भिंतीवर ऑगस्टमधली रेघ अजून असेल. कपाट थोडं पुढे ओढा, जमिनीपासून रेघेपर्यंतचे इंच मोजा आणि मला कळवा.